फळ्यावरचं पाणी

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी उभे आहात त्यांनीही आत या. जागेचं काय, मनात असली की होते. आज एका चोरीची गोष्ट सांगायची आहे. चोर सापडला का, ते ओघात येईलच. पण आधीच सांगून ठेवतो, चोराने जे नेलं ते त्याला नेताच आलं नाही, अशी ही चोरी. देवाने पाणी दिलं ते कुणा एकाच्या ओंजळीत दिलं नाही. पाण्याचं शहाणपणही तसंच सगळ्यांनी मिळून प्यायचं असतं, हे एका गावाला उमगलं होतं. त्या गावाची ही गोष्ट. कान इकडे द्या.

१

शुक्रवारी सकाळी घड्याळकाकांना वाचनालयातून बोलावणं आलं, ते घड्याळ बंद पडलं म्हणून. चोरीसाठी नव्हे. बाजाराच्या कोपऱ्यावर कपाटाएवढ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाला चोरीसाठी कोण बोलावतो? काका हत्यारांची पेटी घेऊन निघाले, आणि पोचले तेव्हा ग्रंथपालबाई काचेच्या कपाटासमोर पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. आतला मधला खण तेवढा रिकामा.

त्या खणात पाण्याची वही असायची. वही कसली, उशीएवढा जाड ग्रंथच तो. गावाच्या मोठ्या विहिरीचं पाणी रोज किती खोल आहे, ते एकतीस वर्षं त्यात लिहिलं गेलं होतं. लिहिणारी एकच, मोजणीमावशी. दिवस उजाडला की बाई गाठी मारलेला दोर घेऊन विहिरीवर जायची. एक गाठ म्हणजे एक हात. दोर सोडून गाठी मोजायच्या, येऊन वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्यावर आकडा लिहायचा, मग आत येऊन वहीत नोंद करायची.

फळ्यावर एका बाजूला तांबडी रेघ होती आणि तिच्याशी लिहिलेलं होतं, अठरा. पाणी अठरा हातांपेक्षा खोल गेलं की बागांना पाणी बंद, कपडे कालव्यावर, प्यायचं पाणी उकळून. कारण तळाचं पाणी उपसायला लागलं की त्यात गाळ येतो आणि गाळाबरोबर आजार येतो, हे गावाला एकदा फार महागात पडून कळलं होतं. फळा लागल्यापासून मात्र एकाही उन्हाळ्यात गावात साथ आली नव्हती. परगावचा पाहुणा आला की लोक त्याला देऊळ दाखवण्याआधी फळा दाखवत. नऊ वर्षांपूर्वी पोस्टमन सायकलसकट विहिरीत पडला, तेव्हा कठडा दोन हात उंच केला. पोस्टमनही पाहुण्यांना तो कठडा स्वतःचं स्मारक असल्यासारखा दाखवायचा.

आणि वही गेली ती नेमकी आत्ता. रविवारी गावाची सभा होती. बर्फाच्या कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे बर्फशेठ म्हणत, त्यांना तिसरी बोअर मारायची होती. पाणीखात्याच्या इंजिनिअरने अहवाल दिला होता की पहिल्या दोन बोअरमुळे विहिरीचं पाणी तसूभरही हललेलं नाही. मोजणीमावशीचं म्हणणं होतं की हललंय, आणि ते ती वही उघडून वाचून दाखवणार होती. बर्फशेठ त्यावर भर बाजारात म्हणाले होते की दाखवता आलं नाही तर तो फळाही पुसून टाका, उगाच लोकांना भिववायचा धंदा.

इतक्यात मावशीच आली. खांद्यावरचा दोर ओला, बोटांना खडू. रिकाम्या खणाकडे तिने पाहिलं आणि बाकावर बसली.

"एकतीस वर्षं, भाऊ," ती काकांना म्हणाली. "ताप होता तरी गेले. लेकीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी दोर सोडला, मग मांडवात उभी राहिले. आता रविवारी हात हलवत उभी राहू का?"

कुठे बघावं कळेना म्हणून काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. काटे चार वाजून चाळीस मिनिटांवर थांबले होते. काका स्टुलावर चढले, मागचं झाकण उघडलं, आत फुंकर घातली, आणि तसेच उभे राहिले.

घड्याळात काहीएक बिघाड नव्हता.

२

लंबकाच्या घड्याळाचा स्वभाव जुन्या जाणत्या माणसासारखा असतो. सरळ उभं राहू द्या, जन्मभर चालेल. जरा तिरपं करा, रुसून बसेल. दोन-चार मिनिटांत त्याची टिकटिक लंगडते आणि थांबते. हे घड्याळ खिळ्यावर बोटभर तिरपं झालं होतं. आणि घड्याळामागच्या दुसऱ्या खिळ्याला कपाटाची किल्ली असते, हे साऱ्या गावाला ठाऊक असलेलं गुपित होतं.

म्हणजे काल, गुरुवारी, साडेचारच्या सुमाराला कुणीतरी किल्ली घेतली, परत ठेवली, आणि घड्याळाला धक्का लागला. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही. घड्याळ सरळ केलं, लंबकाला बोट लावलं, आणि ग्रंथपालबाईंना म्हणाले की चहा पाजा, मग बोलू.

बाईंनी चहाबरोबर सगळंच सांगितलं. काल साडेचारला त्या माठ भरायला मागे गेल्या होत्या. नळाला धार बारीक, पाव तास लागला. जाताना वाचनालयात दोघंच होते. एक बर्फशेठ, रोजच्यासारखे वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत. दुसरे इंजिनिअरसाहेब, बायकोचं पुस्तक परत करायला आलेले. बाई परत आल्या तेव्हा पुस्तक टेबलावर होतं आणि साहेब गेलेले होते.

आता हे इंजिनिअरसाहेब कोण, ते सांगायला हवं. मोजणीमावशीचे जावई. परगावचे. सहा वर्षांपूर्वी खात्यात बदलून आले आणि मावशीची एकुलती लेक त्यांना दिली. त्यामुळे गावात कुजबूज दोन्हीकडून होती. कुणी म्हणे शेठने वही गायब केली. कुणी त्याहून वाईट म्हणे, की म्हातारीचे आकडेच खोटे होते, सभेत पितळ उघडं पडेल म्हणून तिनेच वही चुलीत घातली. ज्या विहिरीने तीस वर्षं जगवलं, तिच्याच काठावर बसून लोक हे बोलत होते. काकांना ते फार लागलं.

ते आधी कारखान्यावर गेले. शेठ लाद्यांमध्ये उभे होते, तोंडातून वाफ निघत होती. चौकशी ऐकून ते तापतील असं काकांना वाटलं होतं, पण शेठ ओशाळले.

"काका, खरं सांगू? मी झोपलो होतो," ते म्हणाले. "घरी ही झोपू देत नाही. वाचनालयात पेपर तोंडावर घेतला की कुणी उठवत नाही. पाचाचे ठोके पडले की उठतो. काल ठोके पडलेच नाहीत. सहा वाजले, ग्रंथपालबाईंनी दिवे घालवले तेव्हा जागा झालो. त्यावरून घरी काय ऐकून घेतलं ते विचारू नका."

काका हसले. शेठ घोरतात हे साऱ्या वाचकवर्गाला पाठ होतं, आणि पाचचे ठोके खरोखरच पडले नव्हते. ज्याने घड्याळ हलवलं तो त्याच घड्याळावर झोपमोडीची भिस्त ठेवून तासभर तिथेच कशाला पडून राहील?

राहिले एकच. आणि ते मावशीचे जावई.

३

इंजिनिअरसाहेबांची कचेरी नीटनेटकी होती. टेबलावर फुटपट्टीने आखल्यासारखे कागद, भिंतीवर नकाशे. काका बसले तेव्हा साहेबांनी स्वतः पाणी पुढे केलं. बोलणं आदबशीर. सासूबाईंबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि एका बैठकीत त्यांनी मावशीला कितीदा कष्टाळू म्हटलं हे काकांनी मोजायचं सोडून दिलं.

काकांनी विचारलं, काल काय काय झालं. साहेब म्हणाले, पुस्तक ठेवलं, निघालो. शेठ घोरत होते. कपाटाकडे पाहिलंही नाही. ती वही आजवर कधी हातात धरलेली नाही, खात्याचं काम खात्याच्या कागदांवर चालतं. शिवाय या आठवड्यात ते दौऱ्यावर होते, बुधवारी संध्याकाळी परतले.

"पण एक सांगतो, काका. सासूबाई उगाच घाबरवतात लोकांना," ते म्हणाले. "मंगळवारी म्हणे फार मोठं संकट आलं. काय होतं मंगळवारी? सतरा हात. त्यांच्याच रेघेच्या एक हात वर. त्यावर बागा बंद करायच्या म्हणजे काय?"

काकांनी मान डोलावली. पाणी संपवलं. नमस्कार करून बाहेर पडले, आणि भर रस्त्यात थबकले.

मंगळवारी त्यांनी स्वतः दुकानातून फळा पाहिला होता. मावशीने आकड्याभोवती तांबड्या खडूने गोल केला होता. आकडा होता एकोणीस.

त्यांनी कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंना विचारलं. एकोणीस. दवाखान्यातल्या परिचारिकेला विचारलं. एकोणीस, म्हणून तर पाणी उकळून पिंप भरलं. घरी येऊन बायकोला विचारलं. तिने उत्तर न देता स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पुढे धरलं. मंगळवारच्या चौकोनात पेन्सिलने बारीक लिहिलं होतं, १९. सोमवारच्या चौकोनात १८. रोजच्या चौकोनात काही ना काही.

"हे तू कधीपासून लिहितेस?" काकांनी विचारलं.

"लग्न होऊन आले तेव्हापासून. सासूबाई लिहायच्या, मी लिहिते. सगळ्याच लिहितात की. तुम्ही घड्याळातून डोकं वर काढाल तेव्हा ना दिसेल."

मग साहेबांना सतरा कुठून सुचले? चूक म्हणावी, तर पट्टीने रेघ मारणारा माणूस. चूक नाही म्हणावी, तर सारं गाव चुकलेलं.

४

शनिवारी पहाटे काका विहिरीवर गेले. मावशी आलेलीच होती. वही असो नसो, मोजणं थांबायचं नाही, असं तिने ठरवलं असावं. ती कठड्यावरून ओणवी झाली, पण दोराचं टोक कठड्यावर धरलं नाही. हात खाली घालून, जुन्या दगडात ठोकलेल्या एका पितळी खिळ्याशी धरलं. मग दोर सोडला, गाठी मोजल्या, ओठांत पुटपुटली, सतरा. आणि हातावर खडूने लिहिलं, एकोणीस.

"बाई," काका हळूच म्हणाले, "सतराचे एकोणीस कसे झाले?"

मावशीला या प्रश्नाचं नवल वाटलं, जणू कुणी तिला दोन अधिक दोन विचारलं होतं. तिने सांगितलं ते असं. पूर्वी विहिरीचा काठ या खिळ्याच्या पातळीला होता, मोजणं तिथूनच सुरू झालं. पोस्टमन पडल्यावर कठडा दोन हात वर आला. लोक बादली सोडतात ती नव्या कठड्यावरून, तेव्हा फळ्यावर लोकांच्या सोयीचा आकडा लिहायचा. पण वहीत मापाची सुरुवात बदलली, तर जुन्या वर्षांशी नव्या वर्षांची तुलना कशी होणार? विहीर खाली गेली की कठडा वर आला, कळायचं कसं? म्हणून वहीत खिळ्यापासूनचं माप. फळ्यावर त्यात दोन मिळवून.

"हे कुणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि वहीला."

काकांनी कठड्याला हात टेकला. दगड गार होता. मंगळवारचे सतरा फक्त एकाच जागी लिहिलेले होते, आणि ते एका अशा माणसाच्या तोंडून बाहेर पडले होते ज्याने ती वही कधी उघडलीच नव्हती.

मावशी दोर गुंडाळत होती. काकांना वाटलं आत्ताच सांगावं. मग तिची लेक डोळ्यांपुढे आली, आणि ते घराकडे वळले.

५

रविवारी सकाळी आठ वाजता काका इंजिनिअरसाहेबांच्या दाराशी पोचले. आत गेले नाहीत. पायरीवरच बसले आणि साहेबांनाही बसायला सांगितलं.

त्यांनी सगळं सांगितलं, जसं घड्याळ उघडून एकेक चाक बाहेर ठेवावं. तिरपं घड्याळ. चार चाळीस. शेठची झोप. आणि सतरा.

"जावईबापू, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की मंगळवारी एकोणीस होते," ते म्हणाले. "तुम्ही सहा वर्षांत एकदा जरी तो फळा वाचला असता, तर हा आकडा तुमच्या तोंडून निसटला नसता. फळा न वाचणारा गावात एकच माणूस निघाला, आणि तो पाणीखात्याचा."

साहेब पायरीकडे बघत सांगू लागले. तीन वर्षं विहिरीवर न जाता त्यांनी मागच्या वर्षीचे आकडे पुढच्या वर्षी उतरवले होते. कामं फार, विहीर एक, काय बिघडणार, असं वाटायचं. तिसऱ्या बोअरचा अर्ज आला तेव्हा तोच अहवाल पुढे गेला. वही सभेत उघडली असती तर त्यांचे आकडे मेलेले आहेत हे दिसलं असतं. शेठना यातलं काही माहीत नव्हतं.

"आता काय करू, काका?"

"ते घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला विचारू नका. मी कुणाला बोललेलो नाही. सभा दहाला आहे." काका उठले. "पण एक लक्षात ठेवा. तुम्ही वही नाही आणली, तरी ती सभेत येणारच आहे. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही."

साहेबांना ते कळलं नाही. दारामागे बांगड्या किणकिणल्या. मावशीच्या लेकीने सगळं ऐकलं होतं.

६

सभा वाचनालयासमोर, फळ्याखालीच भरली. शेठ बोलले, चांगलं बोलले. कारखान्यात तीस घरांचे हात आहेत, मासळीवाले, दूधवाले, दवाखाना, सगळ्यांना बर्फ लागतो. अहवाल सांगतो पाणी हललं नाही. उलट पुरावा असेल तर दाखवा. सगळे मावशीकडे बघू लागले. ती उभी राहिली, आणि तिचे हात खरोखरच रिकामे होते.

तेव्हा काकांच्या बायकोने पिशवीतून कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं.

शिंपीणबाईंनी ठेवलं. परिचारिकेने आठ वर्षांची एकदम ठेवली. कुणी ट्रंकेच्या तळाला अंथरलेली काढून आणली, कुणी पुस्तकांना घातलेली कव्हरं. गणिताच्या बाईंनी बावीस वर्षांच्या वह्यांचा गठ्ठा आणला. त्यांच्या वर्गात रोज पहिलं गणित फळ्यावरच्या आकड्याचं असायचं. काकांनी शनिवारी दिवसभर घरोघरी एवढंच सांगितलं होतं, की असेल ते घेऊन या. टेबल पुरेना, तेव्हा सतरंजीवर मांडलं. सर्वांत शेवटी शेठच्या घरच्या पुढे आल्या आणि त्यांनीही नवऱ्याकडे न बघता आपलं कॅलेंडर ठेवलं.

वाचन सुरू झालं. कारखाना सुरू झाल्यापासून प्रत्येक उन्हाळा खोल, पहिल्या वर्षी एक हाताने, पुढे दोन, यंदा तीन. शेठ हुशार माणूस, त्यांनी पानं उलटली आणि बोट ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी, कारखान्याच्या कितीतरी आधी, एका आठवड्यात पाणी एकदम दोन हात खाली गेलेलं दिसत होतं. बायकांच्या पेन्सिलीवर विश्वास ठेवायचा तो असा, ते म्हणाले.

मावशीचा चेहरा प्रथमच उजळला. "तो पोस्टमन पडला तो आठवडा," ती म्हणाली. "पाणी नाही उतरलं, कठडा चढला. तेव्हा मी रेघही सोळावरून अठरावर नेली होती. विसरलात सगळे. वहीत खिळ्यापासून लिहिलंय. नऊ वर्षांतल्या प्रत्येक आकड्यातून दोन वजा करा, वहीशी जुळेल."

"पण वही कुठे आहे?" कुणीतरी मागून विचारलं.

"इथे," इंजिनिअरसाहेब म्हणाले.

ते बायकोबरोबर उभे होते, वही दोन्ही हातांत, जशी माणूस झोपलेलं मूल उचलतो तशी. त्यांनी जे काकांना पायरीवर सांगितलं तेच गावाला सांगितलं, एक शब्द गाळला नाही. मग खाली बसून स्वतः त्या नऊ वर्षांतल्या उन्हाळ्यांचा एकेक आकडा वाचू लागले, आणि बायका कॅलेंडरं बघून हो म्हणू लागल्या. सतरा, एकोणीस, हो. सोळा, अठरा, हो. तास झाला, दीड झाला. कुठेकुठे चौकोन रिकामा होता, कुणी आजारी असेल, कुणी माहेरी गेली असेल. पण लिहिलेला आकडा एकही चुकला नव्हता. चाळीस-पन्नास घरं, तेवढ्याच तऱ्हेची अक्षरं, आणि पाणी एकच. काकांनी आयुष्यभर घड्याळं जुळवली होती. एवढी एका वेळी जुळलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. शेजारी बसलेल्या पोस्टमनला तर रडूच फुटलं.

तिसरी बोअर झाली नाही. शेठनीच अर्ज मागे घेतला, आणि पाणी रेघेखाली गेलं की कारखाना अर्धा दिवस चालेल असं कबूल केलं. घरी कॅलेंडर आहे, दुसरं करू काय, असं ते म्हणाले. जावईबापूंना खात्याने जी शिक्षा दिली ती दिली. मावशीने दिली ती वेगळी. वर्षभर रोज सकाळी दोर तिने धरायचा, आणि आकडा त्यांनी फळ्यावर लिहायचा, मोठ्याने म्हणून.

वही कपाटात ठेवायच्या आधी काकांनी पहिलं पान उघडलं. एकतीस वर्षांत ते कुणी वाचलं नव्हतं. पहिल्या नोंदीत तारीख होती, आणि खाली दोन वाक्यं. "आज पाणी मोजलं, सतरा हात. चार दिवस आधी मोजायला हवं होतं."

काकांना तो उन्हाळा आठवला. गाळाचं पाणी, घरोघरी अंथरुणं. मावशीला तेव्हा दोन लेकी होत्या. एक वाचली. धाकटी तीन वर्षांची होती.

त्यांनी वही मिटली, कुलूप लावलं, आणि किल्ली घड्याळामागे होती तिथेच अडकवली. गुपित साऱ्या गावाला ठाऊक असलेलंच बरं.

तर मंडळी, गोष्ट झाली. आता उठाल, घरी जाल, पेलाभर स्वच्छ पाणी प्याल. पिण्याआधी क्षणभर थांबा. त्या धाकटीची आठवण काढा, जिच्यासाठी एका आईने दोराला पहिली गाठ मारली. तिचा आकडा कुठल्याच फळ्यावर नाही. तेवढा तुम्ही मनात लिहून ठेवा.